शिशाची घडी

माय, आज मी पुन्हा एका पोरीवर ओरडले. नवीनच लागली आहे, हुशार आहे, पेशंटशी गोड बोलते. एक्स-रेचं काम संपल्यावर तिनं किरण अडवणारा शिशाचा एप्रन अंगातून काढला, काठाला काठ लावला, मधोमध दुमडला, वरून हात फिरवून सुरकुती काढली आणि खुर्चीवर ठेवला. कुठल्याही आईनं कौतुक करावं असं वळण. मी मात्र तिच्या अंगावरच गेले. एप्रन दांडीवर टांगायचा, दुमडायचा नाही, हे किती वेळा सांगायचं, कान काय घरी ठेवून आलीस का, असं बरंच बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर जाऊन ती दुसरीला म्हणाली, ‘मॅडमला एप्रनचं वेड आहे,’ आणि ते मला ऐकू आलं. वेड आहेच. ते कुठून आलं हे तिला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली, की तू गेलीस त्या वयापेक्षा मी मोठी झाले आहे. तरी बसले.

दुष्काळात तू आणि बा खडी फोडायला जात होतात. तो सरल्यावर तुला जालन्याच्या दवाखान्यात आयाची जागा मिळाली, आणि थोड्याच दिवसांत तुला एक्स-रेच्या खोलीत टाकलं, कारण तिथं कुणी टिकत नव्हतं. दवाखान्यातल्या बायकांत बोलवा होती, की त्या मशीननं हाडं आतून जळतात, कूस वांझ होते. तू म्हणालीस, “मला आता कुठं पोरं व्हायाचीत? एक हाय ती बास हाय.” ती एक म्हणजे मी. शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे आणि त्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर तुझी वाट बघत बसायचे. दारावर कवटीचं चित्र होतं आणि खाली लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. आतून फिल्म धुण्याच्या हायपोचा आंबूस वास यायचा. घरी आल्यावर तुझ्या पदरालाही तोच वास असायचा, भाकरी थापतानासुद्धा.

लोक एक्स-रेला फोटोच म्हणायचे. भोकरदनहून, घनसावंगीहून, कुठून कुठून बसनं यायचे आणि विचारायचे, “फोटो कुठं काढत्यात?” मोठी माणसं भीतीनंच गप पडून राहायची. खरा घोर लहान पोरांचा. पोर हललं की फिल्म वाया जायची, आणि मोडक्या हाताचं पोर हलल्याशिवाय कसं राहील? तुझं काम तेच होतं, पोर धरायचं. मशीन चालवणारे मामू लाकडी आडोशाच्या पलीकडं उभे राहून ओरडायचे, “श्वास रोको! बिलकुल हलू नका!” आणि तू तो विटकरी रंगाचा जड एप्रन घालून टेबलाशी वाकलेली, पोराचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत असायचीस. मामू जुन्या जालन्याचे, पानाचा तोबरा भरलेले, मनानं अगदी मऊ. त्यांच्या छातीला एक बिल्ला असायचा. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं म्हणे, दर काही महिन्यांनी तो तपासायला जायचा. तुला बिल्ला नव्हता. आयाला एक्स-रेचं माणूस धरतच नव्हते. तुझ्या अंगावर काय पडलं याचं मोजमाप कधी झालंच नाही.

त्या खोलीत तुझं म्हणावं असं काही असेल तर तो एप्रन. एकच होता. तू त्याला ‘येपरन’ म्हणायचीस आणि त्याच्याबद्दल असं बोलायचीस जसं काही ते माहेरून आलेलं लुगडं आहे. मामू घाईच्या वेळी तो स्टुलावर फेकायचे, तर तू त्यांनाही सोडायची नाहीस. “मामू, बोळा करून टाकत्यात का असं? माणसाच्या अंगावर घालायाची चीज हाय.” ते हसायचे. “बाई, शिसं हाय ते. शिशाला काय होतंय?” संध्याकाळी तू तो टेबलावर पसरायचीस, ओल्या फडक्यानं पुसायचीस, उभा एकदा आणि आडवा दोनदा दुमडायचीस, घडीत कडुनिंबाचा पाला घालायचीस आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचीस. घरी आपल्या पेटीत जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं ठेवायचीस तसंच. फरक एवढाच, की त्या लुगड्याची घडी तू मधूनमधून मोडून पुन्हा वेगळ्या जागी घालायचीस. मी विचारलं तेव्हा म्हणाली होतीस, “कापड घडीवर मरतं, बाई. एकाच जागी दुमडलं तं तिथंच इरतं.” हे तुला ठाऊक होतं, माय. एप्रनची घडी मात्र रोज त्याच रेघेवर पडायची, कारण ते कापड नव्हतं, शिसं होतं. शिशाला काय होतंय?

आत खरंच शिसं आहे का, हे तुला एकदा बघायचं होतं. वस्तीतल्या बायकांनी तुझं डोकं खाल्लं होतं, जळून जाशील म्हणून. मग एका दुपारी पेशंट नव्हते तेव्हा तू मामूंच्या मागे लागलीस. मलाही आत बोलावलंस. मामूंनी उरलेल्या फिल्मचा एक तुकडा काढला आणि म्हणाले, “ठेवा, काय ठेवायचं ते.” तू पायातलं चांदीचं जोडवं काढलंस. मी दप्तरातलं ॲल्युमिनियमचं पाच पैशाचं नाणं ठेवलं. डब्यातली उरलेली चतकोर भाकरी ठेवली, दवाखान्याच्या कुंपणाचा बाभळीचा काटा ठेवला. आणि तू मोठ्या दिमाखानं एप्रनचा एक कोपरा त्या फिल्मवर आणून टेकवलास.

फिल्म धुऊन वर आली तेव्हा मामूंनी ती खिडकीला धरली. काटा कुठंच नव्हता. भाकरीची जेमतेम सावली. नाणं फिकट करडं, आरपार दिसावं असं. जोडवं पांढरं. आणि एप्रनचा कोपरा असा पांढराफेक, की त्याच्यापुढं जोडवंही मळकं वाटावं. मामू मला समजावत होते, ते मला अजून पाठ आहे. “किरण पोचले तिथं काळं, अडले तिथं पांढरं. जितकी भारी चीज, तितके जास्ती खाते. मांस थोडे खातं, हड्डी जास्ती, शिसं सगळ्यात जास्ती.” मी विचारलं, “सगळे खातं?” ते म्हणाले, “सगळे कुणीच खात न्हाई, बेटा. एक पडदा आधे खातो. दुसरा पडदा आध्याचे आधे. लावत जा पडदे, थोडे राहतातच. पण शिशाच्या मागं जे राहतात ना, ते ना के बराबर.” तुला बाकीचं काही ऐकायचं नव्हतं. तू तो पांढरा कोपरा बघत होतीस. “बग,” मला म्हणालीस, “पोलाद हाय पोलाद.” त्या दिवशी घरी जाताना तू सगळ्या वस्तीला हाक मारमारून सांगितलंस. मलाही वर्गात मिरवायला मिळालं. पुढं मी हाच धंदा धरला त्याचं मूळ त्या फिल्मच्या तुकड्यात आहे, हे मी सगळ्यांना सांगते. तो कोपरा होता, मधला भाग नव्हता, हे सांगत नाही.

आता ती घनसावंगीकडची बाई. तिची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस, की मी बाकावर होते की आत, हेही मला आता धड आठवत नाही. सगळं डोळ्यांसमोर मात्र आहे. हाताखाली राबायला माणसं असलेल्या बागायतदार घरातली बाई. तिचं तीन-चार वर्षांचं पोर उसाच्या गाडीवरून पडलेलं, मांडी सुजून टम्म. पोराला टेबलावर ठेवलंय, ते किंचाळतंय, आणि तू पुढं होतेस तशी ती विचारते, “कुनाची गं तू?” तू सांगतेस. लपवणं तुला कधी जमलं नाही. ती पोराला छातीशी ओढते. “मंग ऱ्हाऊ दे. म्याच धरते.” मामू वैतागतात. तुझी नजर मात्र तिच्या पोटावर जाते. लुगड्याच्या ओच्यातूनही दिसतंय. “दिवस गेलेत ना?” तू विचारतेस. ती मान हलवते. मामू म्हणतात, पोटुशी बाईला इथं थांबताच येत नाही, बाहेर जा. ती म्हणते, पोराला सोडून जाणार नाही. डॉक्टर तिकडून निरोपावर निरोप धाडताहेत.

मग तू एप्रनचे बंद सोडतेस. आपल्या अंगातून काढून तिच्यापुढं धरतेस. ती मागं सरकते, तुझ्या अंगचा म्हणून. आणि तू म्हणतेस, “घाल बाई. शिशाला इटाळ होत न्हाई.” माय, हे वाक्य तू सांगायचीस तेव्हा बा हसून हसून खोकायचा. पण त्या खोलीत तू ते हसत म्हणाली नसणार. तिनं घातला. तू स्वतः मागं जाऊन तिचे बंद बांधलेस, पोटावर नीट ओढून घेतलास, तिला कोपऱ्यात उभं केलंस आणि नुसत्या लुगड्यावर येऊन पोर धरलंस. पहिली फिल्म हलली. दुसरी चांगली आली. जाताना तिनं एप्रन जमिनीवर न टाकता तुझ्या हातात दिला, हे तू न विसरता सांगायचीस. आणि शेवटी म्हणायचीस, “तिला ठावं बी न्हाई, पर म्या येक जीव झाकला.” कुणी तुझा पाणउतारा केला, सिस्टर टाकून बोलली, नळावर कुणी घागर बाजूला सरकवली, की त्या रात्री तू हीच गोष्ट काढायचीस. बाकी तुझ्यापाशी मिरवायला काय होतं?

तू थकायला लागलीस तेव्हा आम्हाला वाटलं, काम फार पडतंय. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग, कशाला आदळल्यावाचून. बा म्हणायचा, “लोखंडाच्या गोळ्या घे.” तू हसायचीस, म्हणायचीस, शिसं कमी पडलं व्हय आता लोखंड खाऊ? औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्ताचा कॅन्सर म्हणाले. बाला तो शब्द कळला; वस्तीत कुणालातरी घशाचा झाला होता. त्याला रक्ताचा कसा होतो ते कळेना. सगळं रक्त काढून दुसरं घालता येणार नाही का, असं तो डॉक्टरांना विचारत होता, आपलं काढून घ्या म्हणत होता. मी बाजूला उभी होते आणि मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. मी डॉक्टरांना विचारलं, “एक्स-रेच्या खोलीत काम करते, त्यानं झालं असंल का?” त्यांनी तुलाच विचारलं, “एप्रन घालत होतात ना?” तू उशीवरून डोकं उचललंस. “रोज, साहेब. येक दिस बी चुकवला न्हाई.” आणि मग, खोटं बोलायचं नाही म्हणून, “येकदाच काढला व्हता.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, मग त्याचा काही संबंध नाही. तुझा चेहरा उजळला. मरायला टेकलेल्या बाईचा चेहरा उजळला, कारण तिच्या एप्रनवरचा आळ गेला होता. तू त्या थंडीत गेलीस. अंगावर जयंतीचं पांढरं लुगडं घातलं. ते कुठंही विरलेलं नव्हतं.

मी एक्स-रेचं शिक्षण घेतलं, आणि नशिबानं म्हण की हट्टानं म्हण, त्याच दवाखान्यात लागले. एप्रन अधूनमधून मशीनखाली घालून तपासायचे असतात हे मला शिकवलेलं होतं. आत शिशाची भुकटी घातलेलं रबर असतं. ते दुमडून ठेवलं तर घडीवर तडकतं आणि वरचं कापड मात्र नव्यासारखं राहतं. वर्गात हे सांगत होते तेव्हाच मला तुझी रोजची घडी आठवली होती. रुजू झाल्यावर भंगारात काढायच्या सामानात तो सापडला. विटकरी रंग उडालेला, पण अजून घडीतच. कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा झालेला. मी तो उलगडला, टेबलावर पसरला आणि मधल्या भागाखाली मोठी फिल्म ठेवली.

फिल्म पांढरी यायला हवी होती. तिच्यावर काळ्या रेघा होत्या. एक उभी, गळ्यापासून खाली. दोन आडव्या, एक छातीच्या खाली, एक ओटीपोटावर. तू जिथं जिथं हात फिरवून घडी बसवायचीस, बरोबर तिथं. रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथं तर बोट जाईल एवढी काळी भोकं. किरण पोचले तिथं काळं.

मामू तेव्हा घरीच असायचे, मोतीबिंदू काढलेला. मी ती फिल्म घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी जुन्या सवयीनं ती खिडकीला धरली आणि विचारलं, “ये किसका छाती है?” मी म्हणाले, “छाती न्हाई मामू. एप्रन हाय. मायचा.” त्यांनी त्या उभ्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “म्याच म्हणायचो ना तिला, शिशाला काय होतंय.” त्यांची सून चहा घेऊन आली तो तसाच निवला. मी त्यांना दोष द्यायला गेले होते की काय कोण जाणे. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? परत निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी या धंद्यातली आहे, माय, म्हणून मला स्वतःला फसवता येत नाही, आणि दुसऱ्यालाही. त्या रेघांनी तू गेलीस असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. हा आजार एक्स-रेची खोली कधी न बघितलेल्यांनाही होतो. तुला बिल्ला असता तर काही अंदाज तरी बांधता आला असता. तुला वाटेल मला दवाखान्याचा राग येत असेल, डॉक्टरांचा येत असेल. येतोच. पण सगळ्यात जास्त राग मला तुझ्या नीटनेटकेपणाचा येतो. तू जरा आळशी असतीस, गबाळी असतीस, मामूंसारखा रोज कसाही फेकला असतास, तर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी दुमडला असता. तुझं वळण इतकं चांगलं होतं, की रोज त्याच रेघेवर तू तो मोडत गेलीस. हा राग कुणाला सांगणार? आज त्या पोरीवर निघाला.

आणि ओटीपोटावरची ती रेघ. फिल्म बघताना मी आधी तुझाच विचार करत होते. घरी येऊन आंघोळीला पाणी काढताना ती घनसावंगीची बाई आठवली, आणि मी तांब्या हातात धरून तशीच बसून राहिले. तिचे बंद तू स्वतः बांधले होतेस. पोटावर नीट ओढून घेतला होतास. त्या दिवसापर्यंत तडा गेलेला होता की नंतर गेला, हे सांगणारं काहीच नाही. ती कोपऱ्यात होती, टेबलापासून लांब. लांब गेलं की किरण विरळ होतात. दोनच फिल्मा होत्या. तिचं बाळ बहुतेक धडधाकट जन्मलं असेल, आता स्वतः पोराबाळांचं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगते, आणि त्यातलं काही खोटं नाही. पण ‘बहुतेक’ हा शब्द तुझ्या गोष्टीत कुठंच नव्हता.

लिहून झालंय. पत्र घडी घालून पाकिटात घालायचं असतं. मी घातली नाही; त्या फिल्मवरच सपाट ठेवलंय, कपाटाच्या वरच्या खणात. खरं सांगू, माय? तू आज जिवंत असतीस तरी हे तुला वाचून दाखवलं नसतं. तू शेजारी टेकली असतीस, कागदावर बोट ठेवून विचारलं असतंस, “काय लिहून राह्यली गं? माझ्या येपरनाचं हाय का?” मी म्हणाले असते, हो, तुझ्या येपरनाचंच. तपासला आम्ही. एकदम बराबर निघाला.